कल

वरून फॉर्म आला: देशोदेशींच्या ताफ्यांशी तुलना करा.
मी तुर्भे आगारातला आकडेवारीचा कारकून,
पासपोर्ट नसलेला.
डबा खाऊन ब्राझीलला गेलो,
तीनच्या सुमारास कोरियात उतरलो,
चहा येईपर्यंत फिनलंडच्या बर्फात उभा.
सगळीकडे गाड्या होत्या. मोजून ठेवलेल्या.

पहिला रकाना: एकूण गाड्या.
मोरेश्वर घरत, मेकॅनिक, चिंध्यांना हात पुसत म्हणतो,
"कुठल्या धरताय? असलेल्या का धावणाऱ्या?"
मागच्या यार्डात, घाणेरीच्या झुडपांत
अकरा आहेत. विटांवर.
त्यातल्या एकोणचाळीस नंबरचा गिअरबॉक्स
बासष्टच्या पोटात बसून रोज घणसोलीला जातो,
आरसा दिघ्याला गेला, वायपर उरणला.
"मग ती चालू धरू की बंद?"
"साहेब, ती आता वाटून चालते."

हे लिहायला फॉर्मात जागा नाही.
फिनलंडच्या फॉर्मात असेल का?

दुसरा रकाना: दर लाख माणसांमागे.
लाख कुठून आणू? कोपरखैरण्याच्या थांब्यावर
मी मोजली ती सत्तेचाळीस,
एक मासळीची पाटी,
आणि पाटीची मालकीण शकुंतला तांडेल,
जी रांगेत कधीच नसते.
कठड्यावर बसून, डोळे मिटून ती सांगते,
"बासष्ट आली."
मग जरा थांबून,
"पण हा आवाज पूर्वी दुसरीचा होता."

शेवटचा रकाना: कल.
वर बाण, खाली बाण, नाहीतर आडवी रेघ.
जगाचे बाण पटापट भरले,
एका देशाची माहितीच मिळेना,
तिथे टिंब ठेवलं, उगाच त्याची काळजी वाटली.
आपल्या ओळीशी मात्र पेन अडलं.

संध्याकाळी नाक्यावर बासष्ट वळताना पाहिली.
दाराला माणसं लगडलेली,
एकाचा डबा बाहेर, एकाचं अर्धं अंग,
सगळी गाडी डाव्या अंगावर
कुणीतरी कानात काही सांगावं तशी झुकलेली.

दुसऱ्या दिवशी मी बाण डावीकडे काढला.

फॉर्म परत आला.
लाल शाईत: असा पर्याय नाही.
घरतला दाखवला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला,
तेलाचा एक अंगठा त्यावर उमटला.
"बाण बरोबर आहे," म्हणाला,
"डावा पाटा बसलाय,"
आणि गाडीखाली शिरला.