जूनमधला हिवाळा

कार्नियाच्या खोऱ्यात जूनमध्ये हिवाळा स्वस्त असतो,
पोत्यामागे दीड युरो कमी.
म्हणून ओनोरीना बाह्या सारून फाटकात उभी,
कापल्या गवताचा वास, मानेवर घाम,
आणि ट्रकवरून एर्मेस ओरडतो,
"नेहमीसारखी सत्तरच ना?"

सत्तर म्हणजे दोन माणसांचा हिवाळा.
एकाचा किती, तिने अजून मोजलेला नाही.
निम्मा नसणार. शेगडी काही
अर्ध्या खोलीपुरती पेटत नाही.
शिवाय बेपीला सारखं उकडायचं,
जानेवारीतसुद्धा खिडकी किलकिली करून बसायचा,
दोन पोती तरी त्या फटीतूनच गेली असतील
दरवर्षी.

"अडुसष्ट," ती म्हणते.
"गठ्ठा फोडता येत नाही गं," एर्मेस म्हणतो,
आणि तिच्याकडे न बघता उतरवायला लागतो.

पंधरा-पंधरा किलो. प्लास्टिकच्या आत
स्प्रूसच्या भुशाच्या कांड्या,
शाळेतल्या खडूच्या तुकड्यांएवढ्या.
एक पोतं कोपऱ्यात उसवलंय.
ती मूठभर नाकाशी नेते.
करवतीचा वास. कोरड्या आहेत.

पैसे दोनदा मोजून देते.
ट्रक वळणाआड गेल्यावर
दोन पोती फरफटत वेगळी काढते
आणि खिडकीखाली ठेवते.