एकशे बेचाळीस

भाचीनं तिचं जुनं घड्याळ दिलं मला,
गुलाबी पट्ट्याचं.
खलाशाचं मनगट, दोर ओढून जाड झालेलं;
शेवटच्या भोकात कसंबसं बसलं.
मालारच्या नाक्यावर पोरं हसली. हसू देत.

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या अर्ध्या केल्या
आणि औषधाच्या रकान्यात लिहिलं :
धावणे. आठवड्यातून चार वेळा. धाप लागेपर्यंत.
मी म्हटलं, बाई, धाप तर मला बसल्या जागी लागते.
फेरीबोटीचा साखळदंड खळ्ळकन खाली आला की लागते,
शेजारी कुणी रिकामं पिंप लोळवलं तरी.
त्या म्हणाल्या, "म्हणूनच."
आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या रात्री खनिजाचा ढीग आवाज न करता सरकला होता,
झोपलेल्यानं कूस बदलावी तसा,
आणि त्याच्यामागून अख्खी बार्ज.
मी वर होतो.
मिनिन आणि शाबी खाली इंजिनात.
याच्या पुढचं मी कुणाला सांगत नाही.
बाईंनाही नाही. त्या फक्त विचारतात,
धावलात का?

पहिल्या दिवशी खुरसापासून मानशीपर्यंत.
फळ्यांवर ओणवा झालो, सकाळची पेज बाहेर पडली.
छातीत तेच. तोंडाला तीच गंजाची चव.
वाटलं, आलं पाणी आता बांधावरून.
खाली पाहिलं :
पाणी जागच्या जागी होतं
आणि एक कुर्ली चिखलात आपलं काम करत होती,
माझ्याकडे ढुंकूनही न बघता.

मानशीवरचा बोस्त्यांव रोज ओरडतो,
"कोण लागला रे फाटल्यान?"
"कोण ना," मी म्हणतो.
खोटंच. पण धावता धावता बोलतो,
आणि बोलण्याइतका श्वास उरतो,
हे महिन्यापूर्वी नव्हतं.

मग एकदा रात्री तीनला उठलो.
काळं पाणी, शिडी, शिडीवरचा हात.
बनियन भिजून अंगाला चिकटलेलं.
सवयीनं मनगटाकडे पाहिलं :
एकशे बेचाळीस.
संध्याकाळी मानशीजवळही हाच होता.
हाच. एकानं कमी नाही, एकानं जास्त नाही.

बराच वेळ त्या हिरव्या उजेडाकडे बघत बसलो.
म्हणजे या काळजाला
बुडणं कुठलं आणि धावणं कुठलं, कळतच नाही.
बिचाऱ्याला एकच काम येतं
आणि ते जीव तोडून करतं.
दीड वर्ष मी त्याला शिव्या देत आलो.

खाटेच्या कडेला बसलो, हात गुडघ्यांवर,
बांधावर बसतो तसा.
एकशे अडतीस. एकशे तीस.
मध्येच पुन्हा चौतीस. थांबलो.
एकशे एकोणीस.
ओहोटी लागली की मानशीची फळी
कुणी हात न लावता उघडते,
खाजनातलं पाणी आपसूक नदीत जातं;
तसं काहीतरी.
पंच्याण्णव झाले तेव्हा बायको झोपली होती,
किंवा झोपल्यासारखं करत होती.

बरा झालो असं म्हणणार नाही.
फेरीत अजून चढत नाही,
बांबोळीला जायचं तर उलट्या बाजूचा पूल गाठतो, नारव्याहून,
लांबचा फेरा, दोन बस.

एक मात्र ध्यानात आलंय :
धापा टाकणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.
आधी पाणी देतात.
मिनिनच्या आईचं घर पिएदादच्या चढावर आहे.
बाई म्हणतात, चढ चांगला.

काल वळणापर्यंत गेलो.
तिथून बाल्कांव दिसतो,
भिंतीला टेकवलेली केरसुणी दिसते,
ती दिसली नाही.
एकशे एकावन्न.
उभा राहिलो, उतरू दिला,
आणि परत फिरलो.