ओलं फडकं

खराडीच्या अकराव्या मजल्यावर
रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
भाऊंचा गळा माझ्या बोटाखाली आला.

गळा म्हणजे एकवीस सेकंदांचा व्हिडिओ.
मागे कालव्याची भिंत, खांद्यावर उपरणं
आणि ते वाक्य :
‘पलीकडच्या वस्तीला पाणी द्यायचं की पाजायचं,
ते आपली पोरं ठरवतील.’

यंत्राला त्यात नुसतं पाणी दिसलं.
म्हणून ते मराठी कळणाऱ्या माणसाकडे आलं,
म्हणजे माझ्याकडे,
अकरा महिन्यांच्या करारावर.

सहा वेळा ऐकलं.
निवडणुकीचं बोलतायत म्हणावं तर तसं,
काठ्यांचं म्हणावं तर तसंही.
सातव्यांदा आवाज बंद करून नुसते चेहरे पाहिले.
‘पाजायचं’ म्हणताना भाऊ हसतात.
मागची दोन पोरं हसत नाहीत.

वॉर्डात त्यांना पाडायचं तर पाच वर्षं थांबावं लागतं.
कोर्टात तारखा पडतात.
इथे एका वाक्याला पंचावन्न सेकंद.
मी चार मिनिटं घेतली, त्याची नोंद झाली.
मग दाबलं.
नऊ लाख लोकांसमोरचा माणूस
एका पांढऱ्या पानामागे गेला.
मागच्या खुर्चीतली प्रिस्किला म्हणाली, चहा?

सकाळी गंज पेठेत उतरले
तर चौकात चार कर्णे लागलेले.
भाऊ टेम्पोच्या फाळक्यावर उभे राहून सांगत होते
की त्यांना बोलू दिलं जात नाही.
मार्केट यार्डापर्यंत ऐकू जात असणार.

मंडळाच्या फळ्यापाशी, स्टुलावर, माझे वडील.
एकोणचाळीस वर्षं तिथे खडूनं लिहितायत :
कुणाचं निधन, कुणाची निवड,
रक्तदान, गुरुवारी पाणी बंद.
आज मजकूर आला होता : भाऊंचा आवाज दाबला!
‘दाबला’चे दोन्ही काने ते सावकाश ओढत होते,
माझ्या वह्यांवर नाव घालायचे तसे.

मी बालवाडीत असताना
ह्याच फळ्यावर त्यांनी टँकरचा हिशेब मांडला होता,
कुठल्या गल्लीला किती, कुठल्या वस्तीला शून्य.
रात्री कुणीतरी ओलं फडकं फिरवून गेलं.
सकाळी फळा वाळला तेव्हा
शून्य तेवढं पुसट दिसत राहिलं.
आठवडाभर ते दारोदार विचारत हिंडले.
पुसणाऱ्याला एकदा बघायचंय, म्हणायचे,
मारायचं नाही,
बघायचंय.

मी त्यांच्यासमोर उभी होते.

त्यांना वाटतं, मी विम्याच्या कंपनीत आहे.
काय काम करते ते बोलायचं नाही
असं मी लिहून दिलंय,
बावीस पानं, प्रत्येक पानाखाली सही.

कालव्यापलीकडून धुण्याभांड्याला येणारी जैबुनबी
आज वळसा घालून आली.
कर्ण्यांकडे तिनं पाहिलं नाही.
फळा मात्र थांबून वाचला, हवेत बोट फिरवत,
अक्षराला अक्षर जोडत,
आणि मला विचारलं,
‘दाबला म्हणजे आता बोलणार नाहीत ना?’

वर चार कर्णे बोलत होते.
तिच्या धाकट्याच्या दंडाला प्लास्टर आहे, परवापासून.
जिन्यावरून पडला म्हणते.
त्यांच्या घराला जिना नाही.

मला काहीतरी म्हणायचं होतं.
घशात बावीस पानं.

वडिलांनी हातावरची खडूची पूड झटकली.
‘जरा लांब जाऊन बघ गं,
ओळ सरळ आलीय का?’
लांब गेले. बघितलं.
ओळ सरळ होती, उद्गारचिन्हासकट.
तसं सांगितलं.

स्टुलाखाली त्यांची बादली,
कडेवर फडकं, उद्याच्या मजकुरासाठी.
पाणी ठिबकून फुटपाथवर ओघळ आला होता.
मी ते उचललं, पिळलं,
आणि परत होतं तिथेच ठेवलं.