मॅजेला टूहीचा गुडघा

सेलूच्या हमीदभाईनं पुस्तक
रद्दीच्या तराजूत टाकलं, मग काढून घेतलं.
"याचे चाळीस द्या मॅडम, जाड हाय."
कव्हरवर पाऊस, दगडी भिंत, एक मेंढी.
मेंढीकडं बघून घेतलं मी.

माझी ड्यूटी मुद्देमालाच्या खोलीत.
चिठ्ठी बांधलेली कुऱ्हाड, सात मोबाईल,
सोळा सालातली एक लेडीज सायकल,
रजिस्टरात घंटीसह, समोर बिनघंटीची.
कोर्ट मागवील तोवर सगळं माझ्या सहीत.
दुपारी लाईट गेली की ठाण्यात
हीच काय ती गार जागा.
तेव्हा मी आयर्लंड उघडते.

इन्स्पेक्टर मॅजेला टूही. वय पंचावन्न.
डावा गुडघा दुखतो.
चढावर थांबते, आणि कुणाला कळू नये म्हणून
शेताकडं बघितल्यासारखं करते.
मी कोर्टाच्या जिन्यात नोटीस बोर्ड वाचते, तसं.

तीस पानं झाली, बाई काही विचारीना.
जाते, बसते, चहा पिते,
मयताच्या बहिणीला म्हणते काय,
तर कोंबड्या अंडी देतात का अजून.
आमचे साहेब असते तर एव्हाना
दोघांना आत घेऊन
तिसऱ्याच्या काकाला फोन लावला असता.

एक्केचाळिसाव्या पानावर, समासात,
शिसपेन्सिलीनं, बारीक मराठी अक्षरात:
"हाच खुनी."
बाण पोस्टमनकडं.

शिवी दिली मी. तोंडातल्या तोंडात.
दोन दिवस पुस्तक कुऱ्हाडीशेजारी पडून होतं.
मग उघडलंच.
आता पोस्टमन पत्रं वाटतो
आणि मी त्याचे हात बघते.
कुत्र्याला ब्रेडची कड टाकतो. का टाकतो?
म्हातारीला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवतो,
वाईट बातमीची तेवढी ओळ गाळून.
हा करील?
करीलही.
या कुऱ्हाडीवर ज्याचे ठसे होते
तो शाळेत खिचडी वाढायचा,
बारक्या पोरांना आधी.

एकशे बारावर तेच अक्षर: "नाही. चुकलो."
एकशे ऐंशीवर नुसतं "बहीण??"
दोनशे चारवर चहाचा डाग
आणि तिथून पुढं पेन्सिल नाही.
कोण असंल हा? मोंढ्यातला मुनीम?
बदलीवर आलेला मास्तर?
डोळे गेले, की माणूसच गेला,
की घर आवरायला काढलं कुणी?
त्याचा पंचनामा कुठंच नाही.

प्रेत त्यांच्याकडं बॉगमधून निघालंय.
डिक्शनरी म्हणते दलदल.
काळी माती, काही कुजू न देणारी,
वीस वर्षांनी परत देते माणूस
स्वेटरच्या गुंड्यांसकट.
मला दिसते आमच्या वालूरची काळी,
मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी भेगाळलेली.
सातवीत होते, एक पैंजण गेलं भेगेत.
आईनं उलथणं घातलं, भावानं तार घातली.
मृगात भेग मिटली.
ते पैंजण कुणाच्याच सहीत नाही.

"काय वाचायलाव, मॅडम?"
शिपाई गुट्टे, दारात.
"खून."
"कोन केला?"
"ठाऊक नाही. कोंबड्या अंडी देईनात."
तो हसला नाही. स्टूल ओढून बसला.
मी विचारणार होते, काय काम काढलं.
मॅजेला आठवली.
थर्मासच्या झाकणात अर्धा चहा ओतला,
त्याच्याकडं सरकवला,
खिडकीतून लिंबाकडं बघत राहिले.

बराच वेळ गेला.
फुंकून फुंकून चहा संपवला त्यानं.
"ती सायकल हाय ना, मॅडम," म्हणाला,
"तिची घंटी म्याच काढली.
पोरगी लहान होती तवा.
लई रडायली होती."

पान दोनशे सहा.
मी बोट तसंच ठेवलं पुस्तकात
आणि झाकणात आणखी थोडा चहा ओतला.