पांढरी पाचच्या किंचित वर

किट आलं तेव्हा नुसता पत्र्याचा डबा होता,
दोन रशियन नळ्या, एक ट्रान्सफॉर्मर,
आणि सूचनांचा कागद असा
की लिहिणाऱ्याने जन्मात सोल्डरिंग केलं नसावं.

जोडलं. पेटल्या. दोन केशरी टिकल्या.
हौसा म्हणाली, बरं दिसतंय, देवापाशी ठेवू का?

मग आवाज. आवाजाच्याही आधी
एक घुमारा.
खालच्या गल्लीतल्या इलाहीभाईंना बोलावलं,
तंबोऱ्याच्या घोड्या घासतात ते.
कानाला लावला, डोळे मिटले, म्हणाले,
"पांढरी पाच. किंचित चढी.
साहेब, खर्जाला तुमचं वीज मंडळ बसलंय."

अठ्ठावीस वर्षं साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसला
मीच सांभाळला होता तो,
रात्रपाळीत काटा पन्नासावर धरून.
आता मिरजेच्या दोन खोल्यांत
पन्नासाचा शंभर होऊन आला,
पत्ता विचारत विचारत.

मागचं झाकण उघडलं.
पायात रबरी चप्पल, डावा हात खिशात.
हा नियम ज्याने शिकवला
त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं होती.
प्लग काढून, चहा पिऊन आलो तरी
कपॅसिटरमध्ये दीडशे व्होल्ट बसलेलेच,
उठतो उठतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखे.
एका रेझिस्टरने त्यांना दारापर्यंत सोडलं.

फिलॅमेंटच्या तारांना वेणीसारखा पीळ घातला,
सगळं अर्थिंग एका स्क्रूवर आणलं,
आणि चारशे सत्तरचा कपॅसिटर बसवला जादा,
आडवा, कारण उभा मावेना.
घुमारा गेला.

मग हेडफोन. म्हणजे स्थळं बघणं.
पुतण्याने आणला तो बत्तीस ओहमचा.
छत्तिसात बत्तीस, लग्नाला नाही कोण म्हणेल?
पण नळ्यांना त्याचं मागणं पेलवेना,
खर्ज पोकळ, आणि तार सप्तकात
जुनं धोतर फाटल्यासारखं.
दुसरा सांगलीच्या घोरपडे मास्तरांचा, सहाशेचा.
थोडक्यात भागवणारा, सज्जन,
पण घट्ट. कानशिलं दुखायची.
तिसरा तीनशेचा, पाठीमागून जाळीचा, उघडा.
मास्तर म्हणाले, ह्यातून बाहेर गळतं सगळं.
म्हटलं, गळू दे. घरात चोरून ऐकण्यासारखं काय आहे.

रात्री लावला.
ख्याल सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत
अजून एक सूर होता.
बारीक. उजवीकडून.

नळ्यांची अदलाबदल केली.
सूर हलला नाही.
हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडे.
हलला नाही.
प्लग काढला.

हलला नाही.

बिघाड शोधायची रीत हीच,
एकेक भाग बाजूला करत जायचं,
शेवटी उरेल तो खराब.

टर्बाइनचा असणार. अठ्ठावीस वर्षं
माझ्या आत तो ड्यूटीवर होता,
मोठ्या घुमाऱ्याआड, मान खाली घालून.
हजेरीपटावर सही न करता.

इलाहीभाईंना सांगितलं. ते काही बोलले नाहीत.
मांडीवर तंबोरा होता, तारेखाली दोरा
केसभर मागे घेत होते, केसभर पुढे.
"तार बोलली की हात काढायचा," म्हणाले,
बहुधा मुलाला, जो शिकत होता.

घरी येऊन चारशे सत्तरचा सांधा सोडवला.
अर्धाच. त्याच्या जागी शंभरचा.
आता खाली पांढरी पाच आहे, अगदी हलकी,
वर ती बारीक शिट्टी,
आणि दोघांच्या मध्ये गाण्याला जागा.

हौसा वाटाणे सोलते आहे.
अर्ध्या तासाने विचारते,
"ही बाई त्या एकाच शब्दापाशी का अडकलीये?"

म्हणजे जाळीतून जातंय तिकडे.