हातासरशी

डंडीतल्या आमच्या जुन्या दगडी इमारतीत
एक पुठ्ठ्याची पाटी दारोदार फिरते.
ज्याच्या कडीला ती लटकते
त्यानं त्या आठवड्यात जिना धुवायचा.
माझ्या दाराला ती ऑक्टोबरात आली
आणि राहिली.

मी काही वाईट माणूस नाही.
येताजाता तिच्याकडे बघायचो,
म्हणायचो, रविवारी. नक्की.
रविवारी टे नदीवर धुकं असायचं,
किंवा नसायचं,
आणि दोन्ही कारणं मला पुरायची.

घरात आणखी होतंच.
न्हाणीघरातला गळका नळ.
न फोडलेली पाकिटं, टेबल भरलं म्हणून
ब्रेडच्या डब्यावर सरकवलेली.
आणि दिनकरचं पत्र,
फोडलेलं, वाचलेलं, दोनदा वाचलेलं,
अकरा महिने उशाशी.
एवढ्या उशिराचं उत्तर आखूड कसं चालेल?
त्यात माफी हवी, माफीला कारण हवं,
कारण निदान खरं वाटायला हवं,
म्हणजे शांतपणे बसायला हवं.
असं दर आठवड्याला ते पत्र
एकेक पान लांबत गेलं,
आणि मी एक ओळ लिहिली नव्हती.

कळत होतं.
वळत नव्हतं.

जानेवारीत साडेतीनलाच दिवस मावळतो.
एक्सरेची पाळी संपवून आलो
तर माझ्या मजल्याच्या जिन्यावर मॉराग बाई बसलेल्या,
शेजारी बादली, एक हात कठड्यावर.
वय अठ्ठ्याहत्तर.
म्हणाल्या, काही नाही, जरा दम खाते.
मी म्हणालो, बाहेर फार गारठा आहे.
आणि त्यांना वळसा घालून
घरात गेलो.

दार लावलं.
पाटी दारावर एकदा आपटली, बाहेरून.

चहासाठी किटली लावली होती.
ती उकळेस्तोवर ओट्याला टेकून उभा राहिलो,
आणि मग ते पाणी कपात न ओतता
बादलीत ओतलं.
फडकं नव्हतं. जुना बनियन घेतला.
ठरवलं, एकच पायरी. माझ्या दारासमोरची.
एका किटलीत तेवढंच होतं.

बाहेर आलो तेव्हा बाई खाली गेल्या होत्या.

पायरी पुसली.
पाणी ओघळून दुसरीवर गेलं,
मळाचा एक काळा ओहोळ,
आता तिला तशी कशी ठेवायची?
दुसरी पुसली. ते तिसरीवर गेलं.

आई म्हणायची, ताट उचललंस ना,
हातासरशी पाटही उचल.
त्या शब्दात आधी हात येतो
हे माझ्या ध्यानात यायला
एकसष्ट वर्षं आणि तीन पायऱ्या लागल्या.

पाचवीपाशी पाणी गार झालं.
गुडघेही.
उरलेल्या नऊ पायऱ्या तशाच ठेवून उठलो,
पाटी मात्र काढली नाही,
ती अजून माझीच होती.

सकाळी बाई खालून वर बघत उभ्या.
पाच? म्हणाल्या.
पाच.
त्यांनी मान हलवली,
हाडांच्या दवाखान्यात बरं होणाऱ्या हाताकडे
डॉक्टर बघतात तशी.

त्या आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलंच.
हात धुतले नव्हते, साबणाचा वास होता,
कागद समोर घेतला आणि लिहिलं, दिनू,
अंगठ्याचा ओला डाग पडला नावाशेजारी.
दुसरा कागद घ्यावा असं वाटलं.
तो आणायला उठलो असतो
तर परत बसलो नसतो, हे मला माहीत आहे.
डागाच्या पुढे लिहिलं,
आज जिना धुतला. अर्धापण नाही, पाचच पायऱ्या.
तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?
बस्. तिकीट लावलं.
माफी राहिली. तिला जागाच नव्हती.

नळ अजून गळतो.
त्याच्याखाली रात्री बादली ठेवतो,
सकाळपर्यंत अर्धी भरते.
दोन किटल्यांचं पाणी होतं.
सहावी, सातवी, आठवी.