कानाची खूण

माझा नवरा चारशे मेंढ्या तोंडावरून ओळखतो,
धुक्यात, पाठमोऱ्या, भिजून एकसारख्या झालेल्या.
म्हणतो, प्रत्येकीचा कान वेगळा कातरलाय,
कान नाही दिसला तर चाल दिसते.
पण नारिनच्या इस्पितळात
पांढऱ्या कोटातली सहा माणसं समोरून गेली
आणि सहाही जणांना त्यानं विचारलं,
"डॉक्टर, माझा पाय?"

त्यातली एक फरशी पुसणारी होती.
थांबून खाली पाहिलं ते तिनंच.

सुरुवात झाली बुटातल्या खड्यापासून.
उन्हाळी कुरणावर तो दिवसभर चालला
खडा बुटात घेऊन, आणि त्याला कळलं नाही.
रात्री मी मोजा ओढला तर मोजा लाल.
"दुखत नाही गं," म्हणाला, वर खूश होऊन.
दुखत नाही हेच दुखणं आहे,
हे सांगितलं सबीरानं.

सबीरा आमच्या गावची फेल्डशर.
डॉक्टर नाही, नर्स नाही, मधलंच काहीतरी.
"मी याक आहे," ती सांगते,
"घोडा नाही, गाय नाही, पण बर्फात मीच चालते."
एक खोली, एक शेगडी, एक वजनकाटा.
तिनं बोट टोचून थेंब घेतला,
आकडा पाहिला,
दुसरं बोट टोचलं.
मग चिठ्ठी लिहून माझ्या तळहातावर ठेवली
आणि माझी मूठ तिनंच मिटली.
"हा तुमचा घोडा. यावर बसून जा.
पायी गेलात तर खिडकीतली बाई माघारी धाडेल."

खिडकीतल्या बाईनं माघारी धाडलं नाही.
कुठे धाडलं ते मात्र कळेना.
अकरा नंबर, म्हणाली, आणि खिडकी लावली.
अकराबाहेर बाकावर एक बाई मोजे विणत होती.
मी तिलाच विचारलं.
इस्पितळातलं शहाणपण बाकावर बसलेलं असतं.
"अकरामधला साखरेचा," ती टाके मोजता मोजता म्हणाली,
"पायाला हात लावायचा नाही तो.
पाय चौदामध्ये. पण चौदाच्याला कापायची घाई,
आधी बारामधल्या नर्सला दाखव.
आणि औषध खालच्या दुकानात घेऊ नकोस.
कोपऱ्यावरची मुलगी चिठ्ठी वाचते,
मग तुझ्याकडे बघते,
मग देते."

बारामध्ये नुरझामाल होती.
कोट तोच, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
तिनं पाय मांडीवर घेतला,
हा कोकराचा खूर घेतो तसा,
अंगठ्यानं बाजूनं दाबत, वास घेत.
सकाळपासून ज्यानं कुणाचं तोंड नीट पाहिलं नव्हतं
तो तिच्याकडे बघत राहिला.
"हिला ओळखेन मी," हळूच म्हणाला.

एक बोट गेलं.
चौदाच्यानं घेतलं ते, नीट घेतलं, नाही म्हणत नाही.
उरलेली चार नुरझामालनं राखली.
दर मंगळवारी मार्श्रुत्कात तीन तास,
जाताना पाय माझ्या मांडीवर, येताना एका परक्याच्या.
मग तिनं फोनवर सबीराला शिकवलं
पट्टी कशी, किती घट्ट, कुठला रंग वाईट,
आणि तीन तासांची तीन मिनिटं झाली.

परवा शेजारचा तोक्तोसून आला,
छातीवर कुणी बसलंय म्हणाला,
हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे निघाला होता.
माझ्या नवऱ्यानं चहा ओतला,
आणि ओतलेला चहा मागे सरकवला.
"हाडवाला हाडाला. छातीला सबीरा.
आत्ता. ती चिठ्ठी देईल, चिठ्ठी घेऊन खिडकीवर...
नाही, थांब.
छाती असेल तर चिठ्ठी नाही, ती गाडीच बोलावेल.
तू फक्त तिच्या दारापर्यंत पोच.
नाही, तेही नको. मी येतो."

चार बोटांच्या पायात बूट चढवायच्या आधी
त्यानं तो उलटा करून झटकला.
हे आता तो रोज करतो.
दोघं उतारावरून निघाले,
एक छाती धरून, एक लंगडत,
कोण कुणाला नेतंय ते लांबून सांगता येईना.
मी दारातून ओरडले:
"कुलूप असलं तर किल्ली टपालवाल्याकडे आहे!"